महाविद्यालयासाठी घेतलेली ग्रीन ऑडिटची सेवा : विजेचे काम भरवशाचे, पाण्याचे आणि कारभाराचे अपुरे

महाविद्यालयांना ग्रीन ऑडिट, एनर्जी ऑडिट आणि एन्व्हायर्न्मेंट ऑडिट, म्हणजे आवारातील झाडे, वीज, पाणी, कचरा यांची तपासणी, करून देणाऱ्या संस्था गेल्या काही वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच वाढल्या आहेत. सांगलीतील आमच्या महाविद्यालयाने मागच्या शैक्षणिक वर्षात अशा एका संस्थेची सेवा घेतली. आयक्यूएसीमधील, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातील, पर्यावरणाचे काम माझ्याकडे असल्याने दरपत्रके मागवण्यापासून अंतिम अहवाल महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवण्यापर्यंतचे सगळे टप्पे मी जवळून पाहिले, आणि त्यावरूनच हे परीक्षण लिहीत आहे. संस्थेचे नाव मी देत नाही. येथे सांगितलेले गुणदोष या व्यवसायातील अनेकांमध्ये आढळतील, आणि आपल्या टेबलावर आलेले दरपत्रक कोणत्या नजरेने वाचावे हे समजणे आपल्या भागातील प्राध्यापक-प्राचार्यांना नावापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

ही सेवा महाविद्यालये का घेतात, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेने 2017 पासून जी मूल्यांकनपद्धत आणली तिच्या सातव्या निकषात संस्थात्मक मूल्ये आणि उत्तम उपक्रम येतात, आणि तेथे पर्यावरण व ऊर्जेची लेखापरीक्षणे नियमित होतात का, असा प्रश्न आहे. ग्रीन, एनर्जी आणि एन्व्हायर्न्मेंट ऑडिट, हरित परिसराचे पुरस्कार, आवाराबाहेरचे पर्यावरणविषयक उपक्रम यांपैकी किती गोष्टींचे पुरावे जोडले, यावर त्या प्रश्नाचे गुण ठरतात. आवारातील पाणी खरोखर किती वाया जाते, वीज मागच्या वर्षीपेक्षा कमी लागली की जास्त, अहवालातील शिफारशींचे पुढे काय झाले, याला तेथे स्वतंत्र गुण नाहीत. म्हणून बाजारातही जे विकले जाते ते मुख्यतः प्रमाणपत्र असते, आणि प्रत्यक्ष मोजणी त्यासोबत येईलच याची खात्री नसते. या व्यवसायातल्या बहुतेक दोषांचे मूळ येथे आहे.

मागच्या फेरीत दुसऱ्याच एका संस्थेकडून घेतलेल्या अहवालात आम्हाला हे अनुभवायला मिळाले होते. त्यातील एका पानावर आमच्याऐवजी भलत्याच महाविद्यालयाचे नाव राहून गेले होते, आणि आमच्याकडे नसलेल्या जलतरण तलावाच्या पाण्याबद्दल शिफारस होती. तिन्ही ऑडिटची प्रमाणपत्रे एकाच भेटीवर, एकाच तारखेने आणि जवळजवळ एकाच मजकुराने दिलेली होती. या वेळी आलेल्या दरपत्रकांपैकी सर्वांत स्वस्त असलेल्यात तर तिन्ही ऑडिटसोबत आयएसओ 14001 (पर्यावरण-व्यवस्थापन) आणि आयएसओ 50001 (ऊर्जा-व्यवस्थापन) ही दोन प्रमाणपत्रेही ‘पॅकेज’मध्ये देऊ केली होती. येथे प्रत्येक प्राचार्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : आयएसओ ही संस्था मानके तयार करते, ती स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणपत्र स्वतंत्र प्रमाणन संस्था देतात, आणि अशा संस्थेला भारतात एनएबीसीबी या प्रमाणन संस्थांना मान्यता देणाऱ्या मंडळाची किंवा त्याच्या तोडीच्या मंडळाची मान्यता आहे का, हे पाहिल्याशिवाय त्या कागदावर विसंबून राहू नये. आठवडाभरात घरपोच मिळणारे पर्यावरण-व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र हा निव्वळ खर्चच नव्हे, विद्यार्थ्यांसमोर ठेवलेला एक खोटा नमुनाही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही निवडलेल्या संस्थेचे शुल्क त्या स्वस्त दरपत्रकाच्या जवळपास तिप्पट होते. तिची निवड झाली ती दोन कारणांनी. अहवालावर ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचे प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक सही करतील आणि त्यांचा नोंदणी क्रमांक देतील, हे त्यांनी लेखी मान्य केले होते. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये 2002 मध्ये स्थापन झालेल्या या ब्यूरोची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच ही पात्रता मिळते, त्यामुळे निदान विजेच्या बाबतीत तज्ज्ञतेची एक कसोटी हाती असते. दुसरे कारण असे की, कोणती उपकरणे आणणार आणि ती कोठे लावणार याची यादी त्यांनी दरपत्रकातच दिली होती. इतर दरपत्रकांत ‘सखोल पाहणी’ एवढेच शब्द होते.

विजेचे काम त्यांनी खरोखर चांगले केले. मुख्य पॅनेलवर पॉवर ॲनालायझर लावून त्यांनी अनेक दिवसांची सलग नोंद घेतली, वर्गावर्गांत लक्समीटरने उजेड मोजला, आणि महावितरणची मागील दोन वर्षांची बिले एकेक ओळ करून वाचली. आमचा मंजूर भार प्रत्यक्षातील कमाल मागणीपेक्षा बराच जास्त होता आणि त्यावरचा स्थिर आकार आम्ही वर्षानुवर्षे भरत होतो, हे त्यातून उघड झाले. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारे प्रमाण, सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनेलमधील काही कपॅसिटर निकामी झालेले होते. पॉवर फॅक्टर घसरला की त्याचा भुर्दंड बिलात येतो, हे पदार्थविज्ञानाच्या विभागात सर्वांना ठाऊक असले तरी कार्यालयात बिल भरणाऱ्याला ते कोणी सांगितले नव्हते. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळातही आवाराचा भार शून्याच्या जवळ येत नव्हता. चौकशी केल्यावर वॉटर कूलर, संगणक कक्षातील यूपीएस आणि चालूच राहिलेली काही यंत्रे सापडली. यावरच्या उपायाला एक रुपयाही खर्च आला नाही. रात्रपाळीच्या मामांना कोणते तीन स्विच बंद करायचे हे दाखवून देण्यात आले आणि त्याची नोंदवही सुरू झाली.

पंख्यांबाबतची त्यांची शिफारस मला या संपूर्ण अहवालातील सर्वांत प्रामाणिक वाटली. जुना पंखा सुमारे 75 वॅट घेतो आणि बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा 30 वॅटच्या आसपास, म्हणजे 45 वॅटची बचत होते. वर्गातील पंखा दिवसाला सहा तास आणि वर्षाला 200 दिवस चालतो असे धरले, तर एका पंख्यामागे वर्षाला 54 युनिट वाचतात. युनिटचा दर 10 रुपये आणि पंख्याची किंमत 3,000 रुपये धरल्यास पैसे वसूल व्हायला साडेपाच वर्षे लागतात. तोच पंखा वसतिगृहात किंवा अभ्यासिकेत दिवसाला बारा तास आणि वर्षाला 300 दिवस चालत असेल तर 162 युनिट वाचतात आणि दोन वर्षांच्या आत पैसे परत येतात. ‘सर्व पंखे बदला’ असे एक वाक्य लिहून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी खोल्यांचा वापर विचारून घेतला आणि आधी वसतिगृह, मग ग्रंथालय, वर्ग सर्वांत शेवटी, असा क्रम लावून दिला. मर्यादित वेतनेतर अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयाला नेमकी हीच मदत हवी असते.

कार्बनच्या प्रकरणात मात्र अहवालाने आमची निराशा केली, आणि हा दोष मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण अनेक महाविद्यालयांच्या अहवालांत तो जसाच्या तसा दिसतो. आवारातील झाडांच्या बुंध्यांचे घेर मोजून प्रत्येक झाडात किती कार्बन साठलेला आहे हे सूत्राने काढले जाते, त्याला 3.67 ने गुणून कार्बन डायऑक्साइडचा आकडा मिळतो, आणि ही पद्धत योग्य आहे. पण झाडाने आपल्या सगळ्या आयुष्यात मिळून साठवलेला हा आकडा मसुद्यात एका वर्षाच्या विजेच्या उत्सर्जनासमोर ठेवला होता आणि त्यावरून आवार ‘कार्बन न्यूट्रल’ असल्याचा निष्कर्ष काढला होता. बँकेतील शिल्लक रक्कम वर्षाचे उत्पन्न म्हणून दाखवण्यासारखे हे आहे. वास्तविक हिशेब साधा आहे. ग्रिडमधून आलेल्या प्रत्येक युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणून वर्षाला एक लाख युनिट वापरणाऱ्या महाविद्यालयाचे केवळ विजेचे उत्सर्जन 70 टनांच्या घरात जाते. वाढलेले एक झाड वर्षाला साधारण 20 किलो शोषते असे धरले, तर 500 झाडांचे मिळून 10 टन होतात. वाहने, जनरेटरचे डिझेल आणि उपाहारगृहाचा गॅस अजून यात आलेलाच नाही. आम्ही हे लेखी कळवल्यावर अंतिम अहवालातून ‘कार्बन न्यूट्रल’ हे शब्द काढण्यात आले, आणि संस्थेने ही दुरुस्ती वाद न घालता केली याची नोंद केली पाहिजे. तरीही प्रश्न उरतोच : जेथे मसुदा कोणी वाचत नाही, तेथे हे शब्द प्रवेशद्वारावरच्या फलकावर जाऊन बसतात.

झाडांच्या यादीतही हीच घाई दिसली. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, गुलमोहर आणि रेन ट्री ही बाहेरून आलेली झाडे आणि करंज, बहावा, कांचन, उंबर, पळस ही आपली झाडे एकाच रकान्यात ‘हरित आच्छादन’ म्हणून मोजली गेली. वनस्पतिशास्त्र विभागाने यादी दुरुस्त करून दिली. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे वृक्षसंवर्धनाच्या कायद्यात महाराष्ट्राने 2021 मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. आमच्या आवारात असे काही वड आणि चिंचा आहेत. कोणती झाडे या व्याख्येत बसतात, हे अहवालात सांगितले असते तर पुढेमागे एखादे बांधकाम निघाल्यावर संचालक मंडळाला आधीच सावध राहता आले असते.

पाण्याचे प्रकरण सर्वांत दुबळे निघाले. राष्ट्रीय इमारत संहितेत निवासाची सोय नसलेल्या शैक्षणिक संस्थेसाठी दरडोई दररोज 45 लिटर आणि निवासी संस्थेसाठी 135 लिटर असे प्रमाण दिलेले आहे. अहवालात विद्यार्थिसंख्येला या आकड्यांनी गुणले आणि आलेला गुणाकार ‘महाविद्यालयाचा पाणीवापर’ या मथळ्याखाली छापला. विंधनविहिरीवर मीटर नव्हता, टाक्यांच्या आवक-जावकीची नोंद नव्हती, आणि त्यांनीही ती घेतली नाही. मोटर किती वेळ चालते, एवढे मामांना विचारून काम संपले. पाणी किती लागायला हवे हे संहिता सांगते. ते किती लागते हे मीटरच सांगू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रातून शुद्ध पाण्याच्या बरोबरीने, कधी त्याहून जास्त, नको असलेले पाणी गटारात जाते. ते स्वच्छतागृहांकडे वळवण्याची सूचना आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी केली, ऑडिट करणाऱ्यांनी नव्हे.

पाऊसपाण्याच्या संकलनाबाबत तर स्थळाचा विचारच झालेला नाही. 2,000 चौरस मीटर छतावर 500 मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी आठ लाख लिटर पाणी मिळते, हा हिशेब बरोबर आहे. पण ते पाणी शोषखड्ड्यांतून जमिनीत मुरवावे ही शिफारस सांगलीच्या काळ्या चिकणमातीत कशी चालेल? कृष्णाकाठच्या मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात अतिसिंचनाने आणि निचऱ्याच्या अभावाने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. कितीतरी ठिकाणी पाण्याची पातळी आधीच वर आहे आणि माती पाणी लवकर आत घेत नाही. येथे साठवण टाकी बांधून ते पाणी स्वच्छतागृहांना आणि बागेला वापरणे शहाणपणाचे आहे. जत किंवा आटपाडी, किंवा साताऱ्याकडील माण-खटाव येथील महाविद्यालयाला मुरवण्याचा सल्ला कदाचित योग्य ठरेल, तोही खडकाची पाहणी केल्यानंतरच. एकाच जिल्ह्यात एका टोकाला क्षारपड जमीन आणि दुसऱ्या टोकाला टँकर असताना सर्वांना एकच परिच्छेद चिकटवणे हा सेवेतील मोठा दोष मी मानतो.

त्याहून मोठी उणीव पुराची आहे. सांगलीने 2005, 2019 आणि 2021 मध्ये कृष्णेचा महापूर पाहिला. 1929 मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोक्याची पातळी मानली जाते, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. त्या वर्षी आमच्या आवारातही पाणी आले. पुराच्या काळात शहरातील शाळा-महाविद्यालये निवारा केंद्रे होतात, हे येथे लहान मुलांनाही माहीत आहे. असे असताना सांगलीतील एका महाविद्यालयाच्या पर्यावरण अहवालात पूर हा शब्द एकदाही येऊ नये, याचे मला अतिशय वाईट वाटले. जनरेटर आणि मुख्य पॅनेल कोणत्या उंचीवर आहे, विद्यार्थ्यांचे अभिलेख आणि सर्व्हर तळमजल्यावर आहेत का, प्रयोगशाळेतील आम्ले आणि द्रावके पाण्याखाली जाणार नाहीत याची व्यवस्था काय, निवारा केंद्र झाल्यास स्वच्छतागृहे किती माणसांना पुरतील, हे प्रश्न विचारायला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. ते आम्ही स्वतः विचारले आणि त्यांची उत्तरे परिशिष्ट म्हणून जोडली. पॅनेल उंच ओट्यावर नेण्याचा खर्च यंदाच्या अंदाजपत्रकात घेतला आहे.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे त्यांनी लक्ष दिले हे चांगले झाले. डायक्रोमेटच्या अनुमापनांनंतरचे क्रोमियमयुक्त द्रावण आणि शिशाची संयुगे थेट बेसिनमध्ये ओतली जात असल्याचे त्यांनी नोंदवले आणि ती वेगळ्या पिंपात गोळा करून अधिकृत विल्हेवाट करणाऱ्यांकडे देण्याची शिफारस केली. सूक्ष्मप्रमाण पद्धतीने प्रयोग केल्यास रसायने, पाणी आणि धूर तिन्ही कमी होतात, हेही त्यांनी नमूद केले. ई-कचऱ्याबाबत मात्र त्यांनी एकच वाक्य लिहिले आहे. निर्लेखित झालेले संगणक डेड स्टॉकमधून काढून लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्या भंगार व्यावसायिकाला देण्याची रीत बहुतेक महाविद्यालयांत चालत आलेली आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा रोख मात्र असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडेच जावा असा आहे. यात बोली कमी मिळते. पैसे कमी मिळाले तरी चालतील, असा ठराव व्यवस्थापनाने आधी केल्याशिवाय लेखापाल ही रीत बदलू शकत नाही, कारण आर्थिक लेखापरीक्षणात त्यालाच जाब विचारला जातो. म्हणजे ई-कचऱ्याचा प्रश्न कचराकुंडीपाशी सुटत नाही, तो ठरावाच्या वहीत सुटतो.

आणि याच जागी या सेवेची खरी मर्यादा दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने हरित परिसरासाठी ‘सतत’ आणि मानवी मूल्ये व व्यावसायिक नीतीसाठी ‘मूल्य प्रवाह’ असे दोन मार्गदर्शक आराखडे काढलेले आहेत. ते वेगवेगळे असले तरी महाविद्यालयाच्या रोजच्या कारभारात त्यांचे विषय एकमेकांत मिसळलेले असतात. अहवाल कोणी मागवला, त्याचे पैसे कोणी दिले, तो कोणाला वाचायला मिळाला, त्यातील प्रतिकूल निष्कर्षांचे काय झाले, हे सगळे नीतीचे प्रश्न आहेत. आम्ही घेतलेल्या सेवेत यांपैकी एकाही प्रश्नाला जागा नव्हती. ‘हरित धोरण’ म्हणून त्यांनी दोन पानांचा नमुना दिला, त्यात प्लास्टिकमुक्ती, वृक्षारोपण आणि जनजागृती होती, पण जबाबदार पदाधिकारी, मुदत, अंदाजपत्रकातील तरतूद आणि खरेदीचे नियम नव्हते. राज्यात 2018 पासून आणि देशात 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर कायद्यानेच बंदी आहे. कायद्याने जे करणे भागच आहे ते धोरण म्हणून छापण्यात मला काही अर्थ दिसत नाही. स्नेहसंमेलनाच्या जेवणाचे कंत्राट देताना स्टीलची ताटे ही अट निविदेत घातली जाते की नाही, यावरून धोरण ओळखावे.

एक गंभीर बाब सांगणे मला भाग आहे. मसुद्याच्या शेवटी सौर संचाचा एक प्रस्ताव जोडलेला होता, आणि तो याच संस्थेशी संबंधित असलेल्या एका पुरवठादार कंपनीचा होता. 50 किलोवॅटचा संच आपल्याकडे दररोज सुमारे 200 युनिट वीज देतो आणि सुट्टीतील जादा वीज नेट मीटरिंगने ग्रिडला जाते, म्हणून सौरऊर्जेची शिफारस अयोग्य नव्हतीच. परंतु ज्याने दोष दाखवायचा त्यानेच उपाय विकायचा, हा हितसंबंधांचा संघर्ष आहे, आणि तो आपण होऊन जाहीर न करणे ही चूक होती. आम्ही तो प्रस्ताव अहवालातून काढायला लावला आणि सौर संचासाठी स्वतंत्र निविदा मागवण्याचे ठरवले. फेब्रुवारी 2025 मध्ये नॅकच्याच एका तपासणी समितीतील सदस्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने अटक केल्यानंतर उच्च शिक्षणातील तपासणीवरचा लोकांचा विश्वास आधीच डळमळला आहे. अशा वेळी लहान वाटणाऱ्या हितसंबंधांकडेही डोळेझाक करता येणार नाही.

अहवाल पुढे कोठे जातो, हेही सेवा घेतानाच ठरवावे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 97 नुसार प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असते, तिच्यात निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतर प्रतिनिधी आणि विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी बसतात, आणि वर्षातून किमान चार बैठका अपेक्षित आहेत. ऑडिटचा अहवाल चर्चेला यावा अशी ही रास्त जागा आहे. आमच्याकडे तो संपूर्ण, प्रतिकूल निष्कर्षांसह, समितीपुढे ठेवला गेला आणि नंतर संकेतस्थळावर टाकला गेला. मूल्यांकनापूर्वी स्वतःचे दोष उघडे का करायचे, अशी शंका काही सहकाऱ्यांनी घेतली होती, आणि ती प्रामाणिक शंका होती. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातील कलम 4 हे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने माहिती स्वतःहून द्यावी असेच सांगते, हे त्यावरचे कायदेशीर उत्तर झाले. मला त्याहून मोठे कारण वाटते ते हे की, पर्यावरणशास्त्राच्या सक्तीच्या पेपरात आम्ही ज्या मुलांना सांडपाणी आणि उत्सर्जन शिकवतो, त्यांच्यापासून त्यांच्याच आवाराचे आकडे लपवणे कोणत्याही अध्यापकाला शोभणारे नाही.

विद्यार्थ्यांचा सहभाग हा या सेवेतील दुर्लक्षित भाग आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्यात आणली. तेव्हापासून या भागात श्रम आणि शिक्षण एकत्र नांदण्याची परंपरा आहे, आणि ‘कमवा आणि शिका’ योजना आज अनेक महाविद्यालयांत चालते. ऑडिट करणाऱ्या पथकाने मात्र विद्यार्थ्यांना छायाचित्रापुरतेच बोलावले. त्यांचे काम संपल्यावर आम्ही योजनेतील मुलांना वीज आणि पाण्याच्या मीटरचे रोजचे वाचन घेण्याचे, झाडांचे घेर मोजण्याचे आणि ओल्या-सुक्या कचऱ्याचे वजन नोंदवण्याचे काम मानधनावर दिले. विंधनविहिरीवर मीटर बसवल्यानंतर वसतिगृहाच्या टाकीतील गळती या मुलांच्या नोंदवहीतूनच लक्षात आली. रात्री पाणी कोणी वापरत नसताना आकडा पुढे जात होता.

आता निवाडा. ऊर्जेच्या भागासाठी ही सेवा घेतलेल्या शुल्काला पुरेपूर उतरते, आणि मंजूर भार व कपॅसिटरच्या दुरुस्तीतून होणारी बचत पाहता शुल्क लवकर वसूल होईल असे दिसते. मराठीतील सारांश, वेळेवर आलेला मसुदा आणि शंकांना दिलेली लेखी उत्तरे या त्यांच्या जमेच्या बाजू आहेत. पाणी, वृक्ष, कार्बन आणि पूर यांसाठी मात्र मी त्यांची शिफारस करणार नाही. भूगोल, भूगर्भशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राचे विभाग ज्या महाविद्यालयात आहेत त्यांनी हे काम शेजारच्या महाविद्यालयाच्या विभागांकडून परस्पर करून घ्यावे. आपलेच लोक आपलीच तपासणी करतात हा आक्षेप त्यामुळे राहत नाही. ज्या लहान ग्रामीण महाविद्यालयांना पूर्ण ऑडिटचा खर्च झेपत नाही त्यांनी तीन प्रमाणपत्रांच्या स्वस्त पॅकेजमागे जाऊ नये; एक पाण्याचा मीटर, वर्षभराची वीजबिले आणि नीट ठेवलेली नोंदवही त्यांना त्याहून जास्त सांगेल.

पुढच्या वेळेसाठी आम्ही करारात काही अटी घातल्या आहेत. प्रत्येक आकडा मोजलेला, अंदाजित की संहितेतून घेतलेला, हे त्याच्याशेजारी लिहावे. अहवाल देणाऱ्याचा कोणत्याही पुरवठादाराशी असलेला संबंध पहिल्याच पानावर जाहीर करावा. मागील अहवालातील प्रत्येक शिफारशीचे काय झाले याचा तक्ता जोडावा. आणि शुल्काचा एक तृतीयांश हिस्सा वर्षभराने फेरतपासणीस येऊन गेल्यावरच मिळेल. शेवटच्या अटीला संस्थेने तोंडी होकार दिला आहे. लेखी होकार येईपर्यंत नव्या कामाचा आदेश काढायचा नाही, असे विकास समितीने ठरवले आहे.